वायरिंग चौदा वर्षं केलं, कागद एकही नाही. आता सुरुवात कुठून करू?

पत्र

स. न. वि. वि.

मी चिंचवडला राहतो, वय ३७, शिक्षण नववी पास. चौदा वर्षं बिल्डिंगच्या वायरिंगचं काम करतोय. सुरुवातीला भिंती फोडून पाईप टाकायला हेल्पर होतो, आता अख्खा फ्लॅट मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत एकटा उचलतो. सगळं काम ठेकेदारांकडे, पगार रोखीत. मागच्या महिन्यात सोसायट्यांचा मेंटेनन्स पाहणाऱ्या एका कंपनीत गेलो होतो. त्यांच्या सुपरवायझरला काम पटलं, पण ऑफिसात विचारलं, "आयटीआय आहे का? नाहीतर काही सर्टिफिकेट?" तिथेच गाडी अडली. आता ओळखीचा एक जण म्हणतो, आठ हजार दे, तीन दिवसांत परीक्षेशिवाय सरकारी सर्टिफिकेट देतो. दुसरा एजंट सौदीला इलेक्ट्रिशियन म्हणून पाठवायचे एक लाख वीस हजार मागतोय. मी नेमकं कोणतं सर्टिफिकेट काढू? या वयात आयटीआयला जायचं का? आणि सर्टिफिकेट आलं की लायसन मिळतं का?

– एक वायरमन

उत्तर

नमस्कार.

आठ हजार देऊ नका. परीक्षेशिवाय मिळणारा कागद खरा नसतो, आणि खरा कागद तुमच्यासारख्याला सरकारी योजनेत फुकटात मिळू शकतो. सौदीच्या एजंटबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

तुमच्या पत्रात "सर्टिफिकेट" हा एकच शब्द तीन वेगळ्या कागदांसाठी आला आहे. अनुभवावर मिळणारं कौशल्य प्रमाणपत्र, आयटीआयचं ट्रेड सर्टिफिकेट आणि वायरमनचा परवाना. तिघं देणारे वेगळे, तिघांचा उपयोगही वेगळा. अनुभवावरचं कौशल्य प्रमाणपत्र घेऊन कुणी परवाना मागायला जातो आणि हात हलवत परत येतो, ते या घोळामुळेच. म्हणून आधी कुठे पोचायचं ते ठरवा, मग कागद.

परवान्याचं आधी सांगतो, कारण तो कायद्याचा प्रश्न आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ग्राहकाच्या जागेतलं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या माणसाकडून करून घ्यायचं असतं. सूट फक्त किरकोळ बदलाबदलीला आहे : २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं, तेही मूळ वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे तुम्ही आज जे करता ते ठेकेदाराच्या लायसनवर चालतं, तुमच्या नाही. महाराष्ट्रात हे परमिट (सरकारी कागदात "तारतंत्री") विद्युत निरीक्षकांच्या खात्याशी जोडलेलं अनुज्ञापक मंडळ देतं. बाजारात त्याला अजून "पीडब्ल्यूडी लायसन" म्हणतात. त्या नावाने बांधकाम खात्यात चकरा मारू नका. पुण्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन तारतंत्रीच्या पात्रतेच्या अटींचा चालू वर्षाचा कागद मागून घ्या. कौशल्य प्रमाणपत्र आलं म्हणून परमिट आपोआप मिळत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता कौशल्य प्रमाणपत्र. आधी शिकलेल्या, काम करता करता आलेल्या कौशल्याची तपासणी करून त्याला मान्यता द्यायची, या पद्धतीला सगळे "आरपीएल" म्हणतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, म्हणजे पीएमकेव्हीवायमध्ये, ती आहे आणि तिथे उमेदवाराकडून फी घेत नाहीत. तुम्हाला वर्गात महिनोन्महिने बसवत नाहीत. काही तासांची ओळख करून देतात, मग तपासणी. ती तपासणी शिकवणारा घेत नाही. वेगळ्या संस्थेचा परीक्षक येतो. ही फारकत मुद्दाम ठेवलेली आहे. शिकवणारा, तपासणारा आणि पैसे घेणारा एकच माणूस दिसला की तिथून निघा.

अर्ज करताना सगळ्यात महत्त्वाचा रकाना असतो तो जॉब रोलचा, म्हणजे कोणत्या कामाचं प्रमाणपत्र हवं त्याचा, आणि नेमकं तिथेच लोक "काहीतरी भर रे" म्हणून सोडून देतात. देशाच्या कौशल्य पात्रता आराखड्यात, म्हणजे एनएसक्यूएफमध्ये, २०२३च्या सुधारणेनंतर आठ पायऱ्या आहेत. बांधकाम क्षेत्रात "असिस्टंट इलेक्ट्रिशियन" ही तिसरी पायरी. लो व्होल्टेजचं वायरिंग स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्यासाठी "कन्स्ट्रक्शन इलेक्ट्रिशियन" ही चौथी. बॅच भरायची घाई असलेला माणूस चौदा वर्षांच्या कारागिरालाही तिसऱ्या पायरीवर बसवून देतो, कारण ती परीक्षा सोपी आणि निकाल हमखास. मग कागदावर तुम्ही कायमचे मदतनीस. पगार ठरवताना कुशल आणि अर्धकुशल यातला फरक याच कागदावरून काढला, तर भांडायला जागा राहत नाही. चौथी पायरी मागा, आणि त्या जॉब रोलचा पात्रतेचा कागद (किती शिक्षण, किती अनुभव) नोंदणीआधी हातात घेऊन वाचा. नववी आणि अनुभव मिळून त्यात बसता का, हे एजंटने नाही, त्या कागदाने सांगायचं.

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर आधारने होते. इथे अडकण्याची मुख्य कारणं दोन, दोन्ही आधीच टाळता येतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, ओटीपी येत नाही. आणि आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर गायब. आधी हे जुळवून घ्या, कारण प्रमाणपत्रावर छापलेलं नाव नंतर बदलायला त्याहून जास्त त्रास आहे. जवळ कुठे आरपीएलची बॅच लागतेय हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा.

आता परीक्षेचा दिवस. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चांगला कारागीर नापास होतो तो काम येत नाही म्हणून नव्हे. परीक्षकासमोर तपशिलांची यादी असते. दिवा लागला की नाही हा त्यातला एक मुद्दा. बाकीचे तुम्ही तो कसा लावला यावर. साइटवर जे हाताच्या सवयीने होतं ते इथे दिसलं पाहिजे आणि विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

पहिला बळी जातो सप्लाय बंद करण्याच्या पायरीवर. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच) पाडली, लाइन टेस्टर लावला, कामाला लागलो. इतक्यावर मार्क जातात. अपेक्षित क्रम असा : मेन बंद, पुन्हा कुणी चालू करू नये म्हणून कुलूप किंवा पाटी, मग मीटर आधी चालू सप्लायवर लावून तो चालतोय हे बघायचं, मग बंद केलेल्या सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तीनदा, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सप्लायवर. मधेच मीटरची लीड तुटली असेल तर "करंट नाही" हे खोटं निघतं, म्हणून हा दुसरा फेरा. तोंडाने म्हणत म्हणत करा. परीक्षक तुमच्या मनातलं लिहू शकत नाही.

दुसरं, रंग. साइटवर काळी संपली की उरलेल्या पिवळ्याने न्यूट्रल ओढतात. तपासणीत न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी, त्यात तडजोड नाही. पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट पाईपच्या आत दिसला तर विषय संपला. जॉइंट असेल तर बॉक्समध्ये, कनेक्टरने.

तिसरं, आरसीसीबी. यात जुने हात जास्त चुकतात, कारण त्यांनी शिकताना ती नव्हतीच. आरसीसीबी आत जाणारा आणि परत येणारा करंट मोजते; फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की पडते. त्यामुळे तिच्या पुढच्या सर्किटांचे न्यूट्रल तिच्याच न्यूट्रल लिंकवर यायला हवेत. एक न्यूट्रल चुकून मेनच्या लिंकवर गेला, की नुसती चालू केल्यावर काही होत नाही. त्या सर्किटवर लोड टाकला की पडते. पुढे कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले तरी तेच. साइटवर यावर "आरसीसीबी खराब आहे" म्हणून ती बायपास करण्याचा इलाज चालतो, तो परीक्षेत तोंडातूनही काढू नका. "३०च का?" असं विचारतातच. त्याच्या वरचा करंट शरीरातून गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून त्याआधी सप्लाय तुटला पाहिजे.

चौथं, मेगर. नवं वायरिंग चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या मीटरने, इन्शुलेशन तपासायचं आणि आकडा किमान १ मेगओम हवा, हे बहुतेकांना पाठ असतं. चुकतं ते तयारीत. दिवे काढायचे, प्लग काढायचे, एलईडी ड्रायव्हर, डिमर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवायचे, नाहीतर ५०० व्होल्टने ते जळतात किंवा आकडा उगाच खाली दाखवतात. आणि सगळे स्विच चालू ठेवायचे. बंद ठेवले तर स्विचच्या पुढची वायर तपासलीच जात नाही. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये आकडा १ मेगओमच्या कितीतरी वर असतो. जेमतेम दीड आला तर नियमाने पास, पण पाईपात पाणी आहे किंवा पाईपच्या तोंडाशी वायर सोलली गेली आहे, असं सांगा. असं उत्तर देणाऱ्याला काम येतं हे परीक्षकाला वेगळं पटवावं लागत नाही.

तोंडी परीक्षेतला ठरलेला सापळा एमसीबीचा. "गिझर लावला की एमसीबी पडते, काय कराल?" सवयीने उत्तर येतं, मोठी बसवू. एमसीबी वायर वाचवायला असते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरची बसवली तर एमसीबी पडायच्या आधी वायर तापते. हिशोब करून दाखवा : ३ किलोवॅटचा गिझर, ३००० भागिले २३०, साधारण १३ अँपिअर. म्हणजे १६ची एमसीबी पुरते, आणि तरीही पडत असेल तर गिझरचं एलिमेंट, ढिलं टर्मिनल किंवा त्याच सर्किटवरचा दुसरा लोड शोधायचा. टर्मिनल ढिलं असलं की ते तापतं आणि एमसीबीही तापून लवकर पडते.

ड्रॉइंग वाचणं हा ठेकेदाराकडे वाढलेल्या माणसाचा कच्चा दुवा, कारण तिथे इंजिनिअर खडूने भिंतीवर आखून देतो. एका टू-बीएचके फ्लॅटचं सिंगल लाइन डायग्रॅम कागदावर स्वतः काढून बघा, मीटरपासून डीबीतल्या (एमसीबींचा मुख्य बॉक्स) प्रत्येक एमसीबीपर्यंत, रेटिंग आणि वायरच्या साइजसह. आठवडाभर रोज एक. लेखी परीक्षा टॅबवर पर्यायांची असते. नोंदणीच्या वेळीच मराठीची मागणी करा, परीक्षेच्या सकाळी नाही.

अनुभव सिद्ध कसा करायचा, हा रोखीवाल्यांचा खरा प्रश्न. ठेकेदाराचं पत्र घ्या, पण "वर्तणूक चांगली, काम समाधानकारक" असलं नको, त्याने काही सिद्ध होत नाही. मजकूर असा असावा : "श्री. … यांनी दि. … ते दि. … या काळात आमच्या … येथील प्रकल्पावर अंतर्गत विद्युत वायरिंगचे काम केले. पाईप टाकणे, वायर ओढणे, डीबी जोडणी व इन्शुलेशन चाचणी ही कामे त्यांनी स्वतंत्रपणे केली." लेटरहेड, ठेकेदाराचा लायसन क्रमांक, सही-शिक्का आणि पडताळणीसाठी फोन. तीन ठेकेदारांकडून तीन पत्रं घ्या. एकाच पत्रात चौदा वर्षं कोंबली की संशय येतो. तारखा खऱ्याच टाका, दोन पत्रांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या निघाल्या तर तिन्ही पत्रं बाद समजा. जोडीला यूपीआयने आलेल्या पैशांच्या नोंदी, साइटचे गेटपास, डीबी उघडून काढलेले कामाचे फोटो. आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी केली नसेल तर करा. गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, इमारतीतलं इलेक्ट्रिकचं काम त्यात धरतात. ती कौशल्याची पावती नव्हे, पण तुम्ही बांधकामावर होता याची सरकारी नोंद आहे.

आयटीआयचं म्हणाल तर रोज वर्गात दोन वर्षं बसणं या वयात परवडणार नाही, आणि गरजही नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येतं : त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि त्या ट्रेडला लागणारं शिक्षण. इलेक्ट्रिशियन ट्रेडला गणित-विज्ञानासह दहावी लागते, तिथे तुमची नववी कमी पडते. वायरमन ट्रेडला आठवी चालते. तो घ्या. प्रॅक्टिकलला ६० टक्के आणि बाकीच्या विषयांना ३३ टक्के लागतात, म्हणजे हाताच्या कामाला जास्त वजन आहे, तुमच्या बाजूने. अर्ज वर्षातून ठरावीक दिवसांतच घेतात, म्हणून औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये परीक्षा विभागात आत्ताच विचारून ठेवा. मार्ग लांबचा आहे, पण नोकरीच्या जाहिरातीत "आयटीआय" लिहिलेलं असेल तर तिथे दुसरा कागद चालत नाही. दहावीही उरकायची असेल तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

सौदी. तिथे इलेक्ट्रिशियनच्या व्हिसासाठी त्यांची स्वतःची कौशल्य पडताळणी परीक्षा भारतातच द्यावी लागते; वरचं कोणतंही भारतीय प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही. दहावी नसल्याने तुमचा पासपोर्ट ईसीआर प्रकारातला असेल, म्हणजे जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते; आणि एजंटमार्फत जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या परवानाधारक एजंटमार्फतच. आणि एजंटला घेता येणारी फी कायद्याने ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० इतकीच. एक लाख वीस हजार मागणाऱ्याकडे त्याचा परवाना क्रमांक मागा आणि तो ई-मायग्रेटवर तपासा. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो म्हणाला तर बोलणं तिथेच थांबवा.

पारंपरिक कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेचं नाव काढून कुणी पैसे मागितले तर तेही नको. तिच्या १८ व्यवसायांत गवंडी, सुतार, लोहार आहेत; इलेक्ट्रिशियन नाही.

कागद हातात आला की त्यावर क्यूआर कोड, जॉब रोल, एनएसक्यूएफची पायरी आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव बघा. तोच कागद डिजिलॉकरमध्ये दिसला पाहिजे. नुसता लॅमिनेट केलेला, होलोग्राम चिकटवलेला कागद कुणाला दाखवू नका.

त्या मेंटेनन्स कंपनीकडे मात्र आत्ताच परत जा, सर्टिफिकेटची वाट न पाहता. त्यांना एकच विचारा : तुम्हाला आयटीआय हवंय, परमिट हवंय की कौशल्य प्रमाणपत्र चालेल? बऱ्याचदा ही अट त्यांची नसते, सोसायटीबरोबरच्या करारात लिहिलेली असते आणि ऑफिसातल्या माणसाने ती वाचलेलीही नसते. सुपरवायझरला काम पटलंच आहे, तर त्यालाच ट्रेड टेस्ट घ्यायला सांगा, ठेकेदारांची पत्रं जोडा, आणि आरपीएलच्या नोंदणीची पावती दाखवून प्रमाणपत्र आणून द्यायला मुदत मागा. मुदत लेखी घ्या, आणि तोवरचा पगार कोणत्या वर्गात धरणार, कुशल की अर्धकुशल, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.